माळकऱ्याच्या घरी नेलेले बन

बाई, तुम्हाला जाऊन नऊ वर्षं झाली आणि मी आज पहिल्यांदा तुम्हाला काही लिहितोय. शाळेत असताना मी निबंध अर्ध्या पानात गुंडाळायचो आणि तुम्ही खाली लाल पेनानं नुसतं "पुढे?" एवढं लिहून वही परत द्यायचात. त्याचा मला लय राग यायचा. आता लिहितोय म्हणजे माझं बरं चाललंय असं समजू नका. दुपारचे तीन वाजलेत, पावाची एक भट्टी उतरलीय, दुसरीला वेळ आहे, आणि मी मैद्याच्या पोत्यावर पाठकोरा कागद ठेवून बसलोय. हो, बेकरीत. सेलूतच. तुमचा विद्यार्थी इंजिनियर झाला नाही, बीसीएसच्या दुसऱ्या वर्षात कॉलेज सोडून आला आणि आता पाव भाजतो. ऐकून तुम्ही चष्मा काढला असता आणि पदरानं पुसत बसला असता, मला माहीत आहे. पण पाव भाजण्याचं मला दुःख नाही. दुःख दुसरं आहे, आणि ते तुमच्या बनांचं आहे, म्हणून तुम्हालाच सांगायला पाहिजे.

तुमच्या दोन खोल्या मला अजून जशाच्या तशा दिसतात. रविवारी दोन वाजता इंग्रजीचा जादा तास, आम्ही पाच-सहा पोरं-पोरी चटईवर, आणि चारला तास बंद म्हणजे बंद, कारण चारला चहा. धडा अर्ध्यात असो, वाक्य अर्ध्यात असो. स्टोव्हवर ती पत्र्याची पेटी चढलेली असते, तिच्या दाराला बिजागरी नाही म्हणून वीट लावलेली, आणि आत तुमचे बन फुगत असतात. रॉकेलचा वास आणि जायफळाचा वास एकमेकांत मिसळलेला. तो वास मला नंतर कुठंच मिळाला नाही. तुम्ही जालन्याला होस्टेलात वाढलात, तिथल्या स्कॉटलंडच्या नर्सबाईंनी, तुम्ही त्यांना मिससाहेब म्हणायचात, तुम्हाला हे बन शिकवले, आणि त्या त्यांच्या देशाला परत गेल्या तरी तुम्ही दर रविवारी ते करत राहिलात. आम्ही चिडवायचो, "बाई, जगात जर्मनी आणि भारतात परभणी, मग हे स्कॉटलंड मधेच कुठून आलं?" तुम्ही म्हणायचात, "स्कॉटलंड चार वाजता येतं. हात धुऊन या."

एक दिवस तुम्ही मला ओट्याशी उभं केलंत. मे महिना होता, पत्रे तापलेले. लोणी मैद्यात बोटांच्या टोकांनी चोळायचं, तळहात लागू द्यायचा नाही, मैदा रव्यासारखा झाला पाहिजे. तुम्ही आधी माठाच्या पाण्यात दोन्ही हात बुडवून ठेवलेत आणि मला म्हणालात, "त्यांच्याकडं थंडीनं बोटं गार असतात. आपल्या परभणीत लोण्यालाच ताप येतो. बुडव हात." मग साखर, मनुके, जायफळ, एक अंडं, दुधाचा हबका. मी जोरजोरात मळायला लागलो तर तुम्ही माझ्या मनगटावर फटका मारलात. "हे मळायचं नसतं, नुसतं जवळ आणायचं असतं. एवढा जोर असेल तर भाकरी थाप. तापट माणसानं भाकरी थापावी, बनाच्या वाटेला जाऊ नये." सगळे हसले. ती पण हसली.

ती म्हणजे कोण ते तुम्हाला सांगायला नको. दुसऱ्या ओळीत बसायची, वेणी पुढं घेऊन तिचं टोक चावायची, तिचे वडील एसटीत कंडक्टर. घरी सगळे माळकरी. तुम्ही ताट मधोमध ठेवायच्या आधी दर रविवारी तेच वाक्य म्हणायचात, "यात अंडं आहे. ज्यांच्या घरी चालत नाही त्यांच्यासाठी बिस्किटं." आणि ती बिस्किटाचा डबा ओढून घ्यायची. पण बघायची बनांकडंच. वरून अंड्याचा हात फिरवल्यानं ते बन तांब्याच्या घंगाळासारखे चकाकायचे, आणि ती बिस्किट चावत त्यांच्याकडं बघायची. एकदा मी माझा अर्धा बन चटईखालून तिच्याकडं सरकवला. म्हणालो, "खा ना, कुणाला कळतंय?" तुम्ही पाठमोऱ्या होतात, चहा गाळत होतात. गाळणी खाली न ठेवता म्हणालात, "मला कळतंय." आणि मग मला बाहेर पायरीवर बसवलंत. तास संपल्यावर माझ्याजवळ येऊन बसलात. मला वाटलं कान पिळणार. तुम्ही म्हणालात, "अंडं वाईट नाही. मी खाते, तू खातोस. पण तिचं तोंड तिचं आहे. त्यात काय जातं ते तिला माहीत असायला हवं." मी म्हणालो, "सॉरी." तुम्ही म्हणालात, "मला नको, तिला म्हण." मी तिला म्हणालो नाही. लाज वाटली.

त्यानंतरच्या वर्षी तुम्ही ऑपरेशनला जालन्याला गेलात. जायच्या आदल्या दिवशी मला बोलावून तुमचा तो टवके उडालेला पांढरा कप दिलात, ज्यानं तुम्ही सगळं मोजायचात. म्हणालात, दोन कप मैद्याला अर्धा कप लोणी, परत आल्यावर बघते विसरलास का. तुम्ही परत आला नाहीत. तुमच्या मातीला मी आलो नाही, बाई. दहावीची पूर्वपरीक्षा होती असं मी सगळ्यांना सांगितलं. पेपर दुसऱ्या दिवशी होता.

कॉलेजचं थोडक्यात सांगतो. परभणीला एकाच कॉलेजात आम्ही दोघं, ती बीएस्सीला, मी बीसीएसला. सकाळच्या पॅसेंजरनं सोबत जायचो, सोबत यायचो, आणि मानवत रोड ते पेडगाव या टप्प्यात मी तिला रोज एकदा विचारायचो आणि ती रोज खिडकीबाहेर बघत म्हणायची, "बघू." असं दीड वर्ष. मग एक दिवस कँटीनमध्ये एक जण तिच्याबद्दल काहीतरी बोलला. एवढं काही फार वाईटही नव्हतं, आज आठवलं तर. मी चहाचा ग्लास त्याच्या तोंडावर मारला. त्याच्या भुवईला सहा टाके पडले. प्राचार्य म्हणाले, माफीचं लिहून दे, विषय संपव. मी म्हणालो, मरेन पण लिहून देणार नाही, आणि ओळखपत्र त्यांच्या टेबलावर टाकून बाहेर आलो. मला वाटलं मी तिच्यासाठी काहीतरी मोठं केलं. ती स्टेशनवर मला म्हणाली, "माझं नाव चार पोरांत होतं. तू चारशेंत नेलंस." आणि बायकांच्या डब्यात जाऊन बसली.

तरी ती परत बोलायला लागली, हे विशेष. वर्षभरानं. तिची डिग्री झाली, ती इथं एका लॅबमध्ये रक्त तपासायच्या कामाला लागली, मी या बेकरीत लागलो, मालकांना सगळे चाचा म्हणतात. ती संध्याकाळी टोस्ट घ्यायला यायची आणि टोस्ट चारच घ्यायची, म्हणजे परवा पुन्हा यावं लागेल. एकदा म्हणाली, "घरी विषय काढलाय. पप्पा म्हणतात, बघू तरी पोरगा. रविवारी चहाला ये." मला भट्टीच्या तोंडाशी उभं राहून घाम फुटला, पण तो भट्टीचा नव्हता. मी म्हणालो, "मी बाईंचे बन आणतो." तिचा चेहरा असा उजळला, बाई. म्हणाली, "खरंच? पण अंडं नको हां. लक्षात ठेव. पप्पांना मी सांगून ठेवते, हा बिनाअंड्याचे करणार आहे." मी म्हणालो, "एवढं कळतं मला."

चाचांच्या बेकरीत एक शिस्त आहे, ती सांगतो. अंड्याच्या मालाचे ट्रे वेगळे, बिनाअंड्याचे वेगळे, ब्रश वेगळे, धुवायची जागासुद्धा वेगळी. चाचा स्वतः सगळं खातात, पण दिवाळीत आख्खं गाव आपापला मैदा-तूप घेऊन नानकटाई भाजायला त्यांच्याकडं येतं, कुणी विचारत नाही की चाचा, ट्रे कुठला. पहिल्याच दिवशी त्यांनी मला सांगितलं होतं, "देख बेटा, ये लोगां मेरे ट्रे को नइं देखते, मेरे मूं को देखते. अंडे का ब्रश उदर लगा तो तेरा हात तोडूंगा." मी त्या आठवड्यात दोन भट्ट्यांच्या मधल्या वेळात बन करून बघायला लागलो. दही घालून. पहिले दगड झाले. दुसऱ्यांना सोड्याचा वास. तिसरे बसले, वरून भेगा. रविवारी सकाळी चाचा मैदा आणायला गेले होते. मी दोन अंडी फोडली. एक पिठात, एक वरून लावायला. आणि ट्रे घेतला तो बिनाअंड्याचा, कारण तो नवा होता, बुडाला काळं लागत नव्हतं. चाळीस मिनिटांत बन बाहेर आले आणि मी बघतच राहिलो. अगदी तुमचे. मला वाटलं तुम्ही मागं उभ्या आहात. तुम्ही उभ्या असता तर बरं झालं असतं.

चारला त्यांच्या दारात गेलो. तिचे वडील ओट्यावर बाजेवर बसलेले, रिटायर झालेत आता, गळ्यात माळ, कपाळाला बुक्का. मला बघून आपोआप म्हणाले, "या, पुढं सरका, जागा हाय," आणि स्वतःच हसले. "तीस वर्षांची खोड." आत नेलं. तिची आई दारामागं, ती तिच्याही मागं.

"काय करायलाय सध्या?"

"बेकरीत आहे, काका. पाव, खारी, टोस्ट. पुढं स्वतःची टाकायचा विचार आहे."

"आन् कॉलेज? सोडलं का सोडायला लावलं?"

मी म्हणालो, "सोडलं. पण चूक माझी होती, काका. मारामारी केली मी."

ते पुढं सरकून बसले. मग मांडीवर थाप मारून आत बघून म्हणाले, "ऐकलं का गं? पोरगं खरं बोलतंय. आमच्या गाडीत बिनतिकिटाचा माणूस मी दारातूनच वळखायचो. ह्याचं तोंड तसलं न्हाई." मला त्या क्षणी उडावंसं वाटलं. दारामागं तिच्या बांगड्या वाजल्या.

मग डबा उघडला. ते वाकून बघायला लागले. "आयला, हे तर सोन्याचं दिसायलंय. आत काय, खजूर?" "मनुके." "चहात बुडवायचं?" "नुसतेच खातात, काका." "मग च्या काय बघायला दिला व्हय?" असं म्हणून बुडवलाच. एक खाल्ला. डोळे मिटून खाल्ला. दुसरा घेतला, मधून तोडला, अर्धा तिच्या आईकडं दिला. तिला म्हणाले, "तू पण घे, बस हितं." ती येऊन बसली, बाई, आणि तिनं बन उचलला. इतक्या वर्षांनी. बारीक बारीक तुकडे करून खाल्ला, एक मनुका तेवढा शेवटी ठेवला. दुसऱ्या बनाचा शेवटचा घास तोंडात असताना काका थांबले आणि सहज म्हणाले, "ह्यात ते आपलं... काई न्हाई ना रे? म्हंजे पोरीनं सांगितलेलं हाय, तरी आपलं विचारतो." ते ज्या स्वरात विचारत होते त्या स्वरात माणूस पाऊस आला का विचारतो. अजूनही वेळ होती. मी म्हणालो, "नाही काका. दही घातलंय." ते म्हणाले, "मग आनखी एक दे."

निघताना ती फाटकापर्यंत आली. गल्लीत समोरच्या बायका धान्य निवडत बसलेल्या. ती इतकी खूश होती की तिला उभंही राहता येत नव्हतं. म्हणाली, "पप्पांनी तीन खाल्ले! सांग ना, वरून काय लावलंस? दूध का? बाईंच्या बनासारखी तशीच चकाकी आली. मी लहानपणी किती बघायचे. दुधानं येते का अशी?"

एवढंच विचारलं तिनं. शंका नव्हती, काही नव्हतं. आणि माझं डोकं फिरलं. मला आजही कळत नाही का. म्हणालो, "तू काय चौकशी लावलीस का?"

"अरे, मी नुसतं विचारलं."

"नुसतं विचारलं! सगळे मलाच विचारतात. कॉलेज का सोडलं, काय करायलास, काय घातलंस, काय लावलंस! लावलं अंडं! दोन अंडी घातली! मेलं का कोणी?"

समोरच्या बायकांचे हात सुपात थांबले. ती माझ्याकडं बघत होती, पण मला बघत नव्हती. तिनं ओढणीचं टोक तोंडाला लावलं आणि आत पळाली. मी ओट्याकडं बघितलं तर काका उभे होते, हातात चहाची बशी. ते ओरडले असते, मारलं असतं, तर मी काहीतरी करू शकलो असतो. मला मारामारीच येते. ते पायऱ्या उतरून फाटकापर्यंत आले आणि हळू आवाजात म्हणाले, "अंडं हाय म्हनला असतास तर मी बन खाल्ला नसता. एवढंच झालं असतं." आणि फाटकाला कडी घातली. हळूच, आवाज न करता.

त्यांनी तीन दिवस अन्न घेतलं नाही असं कळलं. माळ उतरवून ठेवली होती, मग बुवांकडून पुन्हा घालून घेतली, या वयात, सगळ्यांसमोर, कारण सांगून. चाचांना दुसऱ्या दिवशीच कळलं. गावात असं काही लपत नाही. त्यांनी हात तोडला नाही. माझ्याकडून बिनाअंड्याचे सगळे ट्रे राखेनं तीन-तीनदा घासून घेतले, मग तो नवा ट्रे उचलला आणि भंगारात टाकला. तेव्हापासून मला फक्त पावाकडं ठेवलंय. नानकटाईच्या पिठाला मी हात लावायचा नाही. त्यांच्या जागी मी असतो तर मला हाकललं असतं.

डबा आठ दिवसांनी परत आला. तिच्या धाकट्या भावानं काउंटरवर ठेवला आणि निघून गेला. घासून लख्ख, कोरडा. आपल्याकडं दुसऱ्याचा डबा कुणी रिकामा परत देत नाही, बाई, घरात काही नसलं तरी चिमूटभर साखर टाकतात. मी झाकण काढलं, कोपरे बघितले, बोट फिरवलं. काही नव्हतं. मला तेव्हा कळलं. तिनं फोन बंद केला होता, टोस्ट घ्यायला येणं बंद केलं होतं, ते मी राग म्हणून धरून चाललो होतो आणि राग उतरतो हे मला स्वतःवरून माहीत आहे. पण डबा रिकामा होता. गेल्या आठवड्यात तिचं ठरलं. गंगाखेडचा आहे, बँकेत आहे म्हणे. ऐकलं त्या दिवशी मी पाव जाळले, दोन भट्ट्या. चाचांनी जळके पाव गुरांसाठी पोत्यात भरले.

माझा दिवस कसा जातो ते सांगण्यासारखं नाही. मळतो, कापतो, भाजतो, झोपतो. आई म्हणते, मुंबई-पुण्याला जा, डोकं शांत होईल. डोकं तर माझ्यासोबतच येणार. लोक म्हणतात, एका अंड्यापायी पोरगी गेली, आणि हसतात, आणि मला कुणाच्याही तोंडावर ग्लास मारावासा वाटत नाही. हीच भीती वाटते मला. आत काहीतरी विझल्यासारखं झालंय.

हे पत्र खरं म्हणजे मी त्यांना लिहायला बसलो होतो, तिच्या वडलांना. "काका" एवढं लिहून चार कागद फाडले. मग "बाई" लिहिलं आणि हात चालायला लागला, कारण तुम्ही उत्तर देणार नाही. म्हणजे हे कुठं टाकायचंच नाही. दुसरी भट्टी तापलीय, चाचा हाक मारतायत. पण एक राहिलं. वर मी तुम्हाला लिहिलं की दह्याचे बन दगड झाले, वास आला, बसले. ते तीन खरेच बिघडले. पण शनिवारी संध्याकाळी मी चौथ्यांदा केले होते. ते चांगले झाले होते, बाई. मऊ होते, फुगले होते, मी एक खाल्ला आणि बाकीचे झाकून ठेवले होते. फक्त जरा फिके दिसत होते.